शटर ओढलं का?

गंगापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये प्रत्येक बंगल्याला गॅरेज असतं आणि प्रत्येक बंगल्याची एक गाडीही असते, पण या दोघांचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही. बहुधा नसतोच. गाडी बाहेर कडुलिंबाखाली, कावळ्यांच्या हवाली. गॅरेजमध्ये गव्हाची कोठी, गणपतीचं मखर, मोटर जळालेला कूलर, नोकरीला लागलेल्या मुलाची बारावीची गाइडं, एका लग्नात आलेले आणि पुढच्या लग्नात द्यायचे राहून गेलेले स्टीलचे डबे, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतलेलं ट्रेडमिल, ज्याच्यावर उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या वाळतात. ज्यांना एवढं साठवायची हौस नाही त्यांनी गॅरेज कामाला लावलं आहे. जेहान सर्कलपासून आत कुठल्याही गल्लीत वळा. एका गॅरेजात दहावीचं गणित, दुसऱ्यात पार्लर, तिसऱ्यात पोळी-भाजी केंद्र. शटरआड चारचाकी दिसलीच तर समजावं, ते दुरुस्तीचं गॅरेज आहे.

दोष माणसांचा नाही, मापाचा आहे. आमचं गॅरेज अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, फियाट मनात धरून बांधलं. आतून आठ फूट रुंद. प्रीमियर पद्मिनी रुंदीला दीड मीटरसुद्धा भरत नसे, त्यामुळे ती मधोमध उभी केली की दोन्ही अंगांना दीड-दीड फूट उरायचं आणि अप्पा पँटची इस्त्री न मोडता उतरायचे. मग २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. ती आमच्याच नाशिकच्या महिंद्राच्या कारखान्यात बनायची, म्हणून यजमानांनी ‘गावचा अभिमान’ या सदराखाली ती घेतली. रुंदी एक मीटर ऐंशी सेंटिमीटरच्या वर. नाशिकची गाडी नाशिकच्या गॅरेजात गेली, पण आतला नाशिककर बाहेर येईना. दार उघडायला जेमतेम फूटभर जागा आणि यजमानांचा घेर त्याहून मोठा. शेवटी सीटांवरून सरपटत ते मागच्या दाराने उतरले. गल्लीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून स्कॉर्पिओ कडुलिंबाखाली राहायला गेली आणि तिच्या जागी गव्हाची कोठी आली.

गाडी गेली तरी शटर राहिलं. पत्र्याचं, गुंडाळत वर जाणारं, स्प्रिंग थकलेलं. सकाळी दूध घ्यायला ते वर जातं ते रात्रीपर्यंत वरच. खाली ओढायला जड, आणि ओढलं की चार घरांना कळतं, यांची जेवणं आटोपली. त्यामुळे रात्री साडेदहाला आमच्याकडे एक प्रश्न निघतो, “शटर ओढलं का?” आणि चार खोल्यांतून चार ‘हो’ येतात. प्रत्येक ‘हो’चा अर्थ ‘दुसऱ्या कोणीतरी ओढलं असेल’ एवढाच. असं एकमताने बंद झालेलं शटर सकाळी उघडं सापडतं. आत चोरण्यासारखं आहे काय, असा अप्पांचा सवाल असे. चोर आलाच तर ट्रेडमिल तरी नेईल, अशी छुपी आशाही घरात होती.

मग बिबट्या आला.

ही अतिशयोक्ती नाही. २५ जानेवारी २०१९ रोजी सावरकरनगरमध्ये, म्हणजे गंगापूर रोडच्या ऐन बंगलेवस्तीत, बिबट्या शिरला. त्याच्या हल्ल्यात नगरसेवक आणि पत्रकार जखमी झाले, आणि शेवटी वनखात्याने बेशुद्धीचं इंजेक्शन मारून त्याला नेलं. गोदाकाठचे मळे आणि ऊस इथून जवळ. बिबट्याला इकडे यायला रिक्षा करावी लागत नाही. त्यानंतरही शहराच्या या ना त्या कडेला त्याची वर्दी येतच असते.

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोवर ‘शुभ सकाळ’ची फुलं यायची, ती थांबून पंजाच्या ठशांचे फोटो येऊ लागले. बरेचसे ठसे गल्लीतल्या मोतीचे निघाले. समोरचे काका नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. जन्मभर ज्यांना झडती दिल्याशिवाय फाटकाबाहेर पडता आलं नाही, त्या काकांचं घरचं फाटक मात्र सुतळीने बांधलेलं असतं. सुरक्षेवर पहिलं भाषण त्यांचंच. “शटरं बंद ठेवा. बिबट्याला कडी काढता येत नाही.”

“आणि सुतळी?” यजमानांनी विचारलं.

काकांनी ग्रुपवर सूर्योदयाचा फोटो टाकला.

आपोआप मिटणाऱ्या दाराची कल्पना मात्र अमेरिकेहून आली. माझे धाकटे दीर न्यू जर्सीत एडिसनला असतात. सुट्टीत आले, रात्रीचा तो प्रश्न आणि ती चार उत्तरं त्यांनी ऐकली, आणि म्हणाले, “वहिनी, अजून हाताने? आमच्याकडे दार ठरावीक वेळ उघडं राहिलं की आपलं आपण बंद होतं. विसरायचा प्रश्नच नाही.” त्यांनी बॅगेतून तशी एक डबीही काढली. डबीवर लिहिलं होतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आमच्या भिंतीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. शिवाय ती डबी तिकडच्या छताखाली सरकत जाणाऱ्या दाराच्या यंत्राला जोडायची, आणि आमचं शटर स्वतःभोवती गुंडाळणारं. डबी सध्या गॅरेजात आहे, मखराशेजारी. भावजींचं एडिसनचं गॅरेज मी पाहून आले आहे. तिथे तांदळाची पोती, थर्मोकोलचं मखर, हळदीकुंकवासाठी घेतलेल्या घडीच्या खुर्च्या आणि कोणाच्या तरी पथकाचे दोन ढोल आहेत. गाडी बाहेर बर्फात उभी असते. दार मात्र आपोआप बंद होतं, यात शंका नाही.

आमचं यंत्र सातपूरच्या एका कारागिराने बसवलं. शटरच्या दांड्याच्या टोकाला साइड मोटर, मोटरवरून दांड्याला साखळी, शटर वर-खाली कुठे थांबायचं ते सांगणारे लिमिट स्विच, वीज गेली तर हाताने ओढायची दुसरी साखळी, रिमोटचा रिसीव्हर, निघण्यापूर्वी लुकलुकणारा पिवळा दिवा आणि फोटोसेल. “फोटोसेल म्हणजे डोळे, ताई. या डोळ्यातून त्या डोळ्यात किरण जातो. मध्ये काही आलं की शटर खाली येत नाही, येत असलं तर परत वर जातं.” मग त्याने विचारलं, “टायमर किती ठेवू? उघडल्यावर किती वेळाने मिटायचं?”

यावर घरात बैठक बसली. अप्पांनी गुडघ्यांचा दाखला देऊन दोन मिनिटं मागितली. यजमानांनी बिबट्याचा वेग लक्षात घेऊन दहा सेकंद सुचवले. चिरंजीव पुण्याहून फोनवर होते. त्यांचं म्हणणं, सेकंदांत काय बोलता, ॲप बसवा, मी इथून बंद करीन. शेवटी तीस सेकंद ठरले. हा आकडा कोणालाच पटला नव्हता, म्हणून तो सर्वमान्य झाला. ॲपही बसलं.

“आता तुम्ही काहीच करायचं नाही, ताई. सगळं आटोमॅटिक,” कारागीर म्हणाला. वॉशिंग मशीन आलं तेव्हाही मला हेच सांगण्यात आलं होतं, आणि तेव्हापासून त्याच्या जाळीतला केरकचरा मीच काढते आहे.

पहिल्या दिवशी ‘उघडा’ दाबलं की शटर खाली यायचं आणि ‘बंद’ दाबलं की वर जायचं. मोटरच्या तारा उलटसुलट लागल्या होत्या. आनंदवल्ली आमच्यापासून पाच मिनिटांवर, राघोबादादांच्या आनंदीबाईंच्या नावाची. तिच्या इतक्या जवळ राहून एवढा ‘ध’चा ‘मा’ व्हायचाच. कारागिराने स्क्रूड्रायव्हर काढून बसल्या जागी ‘मा’चा परत ‘ध’ केला. शनिवारवाड्यावर ही सोय नव्हती.

दुसरी गंमत शेजारणीच्या बाजूची. आमच्या उजवीकडे गॅरेजात पार्लर आहे. त्या ताईंनी आमचं बघून त्याच कारागिराकडून तेच यंत्र बसवून घेतलं. स्वस्तातल्या रिमोटच्या पोटात आठ बारीक खटके असतात. ते वर-खाली करून प्रत्येक घराने आपला संकेत ठरवायचा. आठ खटक्यांतून दोनशे छप्पन्न संकेत होतात, म्हणजे आमच्या गल्लीलाच काय, सगळ्या कॉलनीला पुरतील. कारागिराने दोन्ही घरांत ते कारखान्यातून आले तसेच ठेवले होते. यजमानांनी ऐटीत आमचं बटण दाबलं आणि शेजारचं शटर सरसर वर गेलं. आत खुर्चीत एक बाई चेहऱ्याला मुलतानी माती लावून, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडलेल्या. अंगावर ऊन आलं तशी त्यांनी एक चकती उचलली, यजमानांकडे पाहिलं, आणि त्यांना नावानिशी ओळखलं. त्या यजमानांच्या बँकेतल्या साहेब होत्या. प्रत्येक दाबाला संकेत बदलणारे रिमोटही मिळतात. त्याच संध्याकाळी ते आले. किमतीची घासाघीस यजमानांनी केली नाही.

पण खरं नाट्य झालं ते डोळ्यांवरून. दाराला हे डोळे आले त्यामागे एक वाईट कारण आहे. अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या दाराखाली सापडून लहान मुलं दगावली. म्हणून तिथे १९९० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना, मध्ये कोणी आलं तर दार मागे फिरवण्याची जास्तीची सोय सक्तीची झाली. तिथली रीत अशी, की डोळे जमिनीपासून सहा इंचांच्या वर नकोत, रांगतं मूलही दिसलं पाहिजे. भावजींनी फोनवरून हे सहा इंच इतकं बजावलं, की कारागिराने पट्टी लावून डोळे बरोबर तिथे बसवले.

मराठी घराच्या दारात सहा इंचांखाली काय असतं, हे त्या कायद्याला कोणी सांगितलं नव्हतं. चपला असतात. घरच्यांच्या, पाहुण्यांच्या, कामाच्या मावशींच्या, आणि एक जोड कोणाचा ते अजून ठरलेलं नाही असा. चपला दारात आहेत तोवर किरण तुटलेला, आणि किरण तुटलेला असेपर्यंत शटर जागचं हलत नाही. चपला सरकवल्या तर झाडू. झाडू उचलला तर तुळशीची लहान कुंडी. कुंडी हलवली तर मांजर. त्या मांजराला अदृश्य किरणाची रेघ पहिल्याच दिवशी सापडली आणि ते तेव्हापासून नेमकं तिच्यावर शेपूट टाकून झोपतं. सगळं बाजूला करून आम्ही श्वास रोखून उभे राहिलो, पिवळा दिवा लुकलुकला, तेवढ्यात यजमानांच्या आत्याबाई आतून म्हणाल्या, “हा दिवा आम्हाला निघा म्हणतोय का गं?” मग त्यांना चहा ठेवावा लागला, आणि चहाला शेजारच्या दोघी आल्या, चपला घालून.

शेवटी कारागिराने एक जोडी डोळे खाली ठेवून त्यांच्या जागच्या चपला हद्दपार केल्या आणि दुसरी जोडी गुडघ्याच्या उंचीवर बसवली. “आता चारी डोळ्यांनी बघेल,” तो म्हणाला.

दारं आपोआप मिटावीत ही माणसाची इच्छा मुळात नवी नाही. वर उचलायचं गॅरेजचं दार १९२१ मध्ये अमेरिकेतल्या सी. जी. जॉन्सन यांनी काढलं, ते विजेवर चालवायचं यंत्र १९२६ मध्ये. पण अलेक्झांड्रियाच्या हेरोनने पहिल्या शतकातच देवळाच्या दारांची अशी युक्ती लिहून ठेवली आहे. वेदीवर अग्नी पेटवला की खालच्या पोकळीतली हवा तापून फुगते आणि एका गोळ्यातलं पाणी टांगलेल्या बादलीत ढकलते. बादली जड होऊन खाली जाते, दोऱ्या ओढल्या जातात, दारं उघडतात. अग्नी विझला, हवा आकसली, पाणी परत ओढलं गेलं, की दुसऱ्या बाजूच्या वजनाने दारं मिटतात. भक्तांना वाटायचं, देवाने मिटली. नाशकात हे यंत्र चाललं नसतं. पंचवटीत कुठे ना कुठे होम सुरूच असतो, दारं कधी मिटलीच नसती.

आणि आमच्या जिल्ह्यातलं सर्वांत खात्रीचं आपोआप बंद होणारं दार गंगापूर रोडवर नाहीच. ते निफाड-दिंडोरीकडच्या उसात आहे. वनखात्याचा पिंजरा. मागच्या कप्प्यात जाळीपलीकडे शेळी किंवा कोंबडी. पुढच्या कप्प्यात जमिनीवर एक पाट. पाटावर बिबट्याचा पाय पडला की खटका सुटतो आणि वर टांगलेलं लोखंडी दार स्वतःच्या वजनाने धाडकन खाली. वीज नको, बॅटरी नको, रिमोट नको, ॲप नको, तीस सेकंदांची मुदतही नको. मध्ये कोणी आलं तर मागे फिरावं हे त्याला शिकवलेलं नाही. मध्ये कोणी यावं म्हणूनच ते बसलेलं असतं.

हे सगळं मी जेवताना कौतुकाने सांगितलं आणि यजमानांचा घास हातातच राहिला. “म्हणजे समज, शटर उघडं असताना बिबट्या आत शिरला.”

“हं.”

“कोठीमागे जाऊन बसला.”

“हं.”

“किरणात काही नाही. तीस सेकंद झाले.”

आमच्या गॅरेजातून एक दार थेट स्वयंपाकघरात उघडतं. त्या दाराची कडी कोण लावतं, यावर आमच्याकडे शटरसारखंच एकमत आहे.

“म्हणजे आपण वीस हजार खर्चून पिंजरा बसवला,” यजमान म्हणाले.

“आणि शेळी?” अप्पांनी विचारलं.

कोणी उत्तर दिलं नाही.

तीस सेकंद आत असणाऱ्याला फार वाटतात आणि बाहेर असणाऱ्याला अजिबात पुरत नाहीत. सकाळी घंटागाडी येते. तिचं गाणं ऐकू आलं की ओला कचरा एका हातात, सुका दुसऱ्या हातात घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत धावायचं, सुक्यात ओलं का टाकलं याचं उत्तर द्यायचं आणि परतायचं. तोवर शटर मिटलेलं. रिमोट फ्रिजवर. यजमान जॉगिंग ट्रॅकवर, अप्पांच्या कानातलं यंत्र चार्जिंगला. मी गाउनवर, हातात दोन रिकाम्या बादल्या. रायगडाचे दरवाजे सांज झाली की बंद व्हायचे आणि बाळासाठी हिरकणी कडा उतरून गेली, ही गोष्ट आपण चौथीत वाचली तेव्हा वाटलं नव्हतं की ती कधी अंगावर येईल. मला कडा नव्हता, पण कुंपणाची भिंत होती, भिंतीवर काचा होत्या आणि काचांवर मधुमालती. हिरकणीच्या नावाने महाराजांनी बुरूज बांधला असं सांगतात. माझ्यासाठी यजमानांनी रिमोटला गळ्यात घालायची दोरी आणली.

वीज गेल्यावर साखळी ओढायचं काम अप्पांनी आपणहून घेतलं. साखळी भराभर ओढावी तेव्हा शटर इंच-इंच चढतं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम अशा रीतीने त्यांच्याकडून घडू लागला, ट्रेडमिलला धक्का न लागता. दसऱ्याला तर यंत्राची यथासांग पूजा झाली. मोटरला हळदकुंकू, रिसीव्हरवर स्वस्तिक, शटरच्या दोन्ही खांबांना झेंडूच्या माळा. माळा सैल सुटून गुडघ्याच्या डोळ्यांवर आल्या. डोळ्यांसमोर देवाचं काही आलं आहे एवढं यंत्राला कळत नाही, पण काहीतरी आलं आहे हे कळतं. शटर दिवसभर आ वासून उभं. निर्माल्य काढायचं कधी, यावर आत्याबाईंनी शास्त्र सांगितलं आणि ते शास्त्र संपेपर्यंत सोनं वाटायला आलेली सगळी गल्ली आत येऊन गेली.

आत्याबाई म्हणजे अप्पांची बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि आमच्याकडे येतात ते गॅरेजातून, कारण पुढच्या दाराने परके येतात. यंत्राची खरी परीक्षा त्यांनी घेतली, आणि तीही निघताना. परदेशात माणसं ‘निघतो’ म्हणतात आणि निघतात, असं भावजी सांगतात. आपल्याकडे खुर्चीत बसून म्हटलेलं ‘चला, निघते’ हे फक्त चहा झाल्याची पोच असते. हळदकुंकू लावून झाल्यावरचं ‘येते हं’ हे जरा खरं, पण त्याने माणूस स्वयंपाकघरातून गॅरेजपर्यंतच पोचतो. आणि मग उंबऱ्याशी, एक पाय चपलेत आणि एक पाय फरशीवर, अशा अवस्थेत ज्या विषयासाठी येणं झालं होतं तो विषय निघतो. स्थळ, ऑपरेशन, वाटणीपत्र, सूनबाईंची नोकरी, सगळं महत्त्वाचं आमच्या कुटुंबात याच जागी ठरलेलं आहे. दिवाणखान्यात बसून आम्ही फक्त हवामानावर बोलतो. सोफ्याच्या जागी उंबरा थोडा रुंद केला असता तरी चाललं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

आता नियम असा, की किरण तुटला की टायमरची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आत्याबाई एक पाऊल बाहेर टाकतात. किरण जुळतो. सेकंद मोजले जाऊ लागतात. दहा. वीस. पंचवीस. पिवळा दिवा लुकलुकायला घेतो, आणि आत्याबाई वळतात. “अगं, एक सांगायचंच राहिलं.” पाऊल आत. मोजणी शून्यावर. त्यांना टायमर दिसत नाही, किरण दिसत नाही, आणि तरी त्यांची वेळ कधी चुकलेली मी पाहिली नाही.

अशात पुण्याहून फोन येतो. ॲप त्यांच्याकडे ना. “आई, शटर बेचाळीस मिनिटं उघडं दाखवतंय.”

“हो रे. आत्याआजी निघाल्यात.”

“केव्हा?”

“बेचाळीस मिनिटं झाली.”

“मी इथून बंद करू?”

“कर बघू.”

तिकडे तो बटण दाबतो. इकडे मोटर एक घरघर काढते, चारी डोळ्यांनी नऊवारीच्या निऱ्या बघते आणि गप्प होते. आत्याबाई वर बघून म्हणतात, “याला तेल घाला, कुरकुरतंय.”

कारागिराला बोलावलं. त्याने मोटर उघडली, साखळी ताणून पाहिली, लिमिट तपासली, डोळे फडक्याने पुसले, एका डोळ्यातलं कोळ्याचं जाळं काढलं. सगळं ठीक. आम्ही काय होतं ते सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, “ताई, यंत्राला काही झालेलं नाही. तुमच्याकडे माणसं फार.” मग टायमर तीसवरून नव्वदवर नेऊ का, असं त्याने विचारलं. यजमान म्हणाले, नव्वदने काय होणार? पुढे त्यानेच कंपनीचं एक पत्रक दाखवलं, त्यात तळघराच्या पार्किंगपासून गोदामापर्यंत सगळ्या दारांसाठी वेगवेगळे टायमर दिले होते. निरोपाचा नव्हता. ऑटो-क्लोज काढून टाकून नुसतं रिमोटवर चालवावं अशी त्याची सूचना होती. पण तसं केलं तर रात्री साडेदहाला पुन्हा ‘शटर ओढलं का?’ निघणार, आणि चार खोल्यांतून चार ‘हो’. यजमानांनी नकार दिला. अप्पांनाही आता साखळी सोडवत नव्हती. तेव्हा तीस सेकंद तसेच राहिले.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर निरोप आला: सोमेश्वरकडे दिसला म्हणे, सगळ्यांनी शटरं बंद करून घ्या. पाच मिनिटांत गल्लीभर धडाधड शटरं खाली आली. पार्लरच्या ताईंनी गिऱ्हाइकासकट ओढून घेतलं. समोरच्या काकांनी फाटकाला सुतळीचा दुसरा वेढा दिला. आमचं शटर वरच, दिवा लुकलुकतोय, विझतोय, परत लुकलुकतोय. उंबऱ्यात आत्याबाई आणि त्यांना न्यायला आलेल्या दोघी, बिबट्या सोमेश्वरहून इकडे आला तर नदीच्या अंगाने येईल की रस्त्याने, यावर बोलत होत्या. एकीचं म्हणणं, रस्त्याने येणं शक्य नाही, आज लग्नाची तीथ आहे, लॉन्सच्या गर्दीत अडकेल.

फोन वाजला. “आई, शटर...”

“माहितेय रे.”

मी म्हटलं, “आत्या, आत तरी या. बसून बोलू.”

“छे गं, आता कुठे बसतेस. निघालेच मी,” आत्याबाई म्हणाल्या, आणि हातातली पिशवी खाली ठेवली.